उलटी कॉइल आणि उतरलेल्या बॅटऱ्या : मॅकोंडो विहिरीच्या बीओपीचं प्रकरण

मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० च्या रात्री डीपवॉटर होरायझन या रिगवर स्फोट झाला. रिगवर १२६ माणसं होती, त्यातली ११ गेली. दोन दिवसांनी रिग बुडाली आणि खालच्या मॅकोंडो विहिरीतून तेल समुद्रात जातच राहिलं, ते १५ जुलैला थांबलं. या दुर्घटनेवर आजवर पुष्कळ लिहून झालं आहे. त्यातलं बहुतेक सिमेंटबद्दल आहे, चुकीच्या वाचलेल्या प्रेशर टेस्टबद्दल आहे, बीपी या तेलकंपनीच्या घाईबद्दल आहे. ते सगळं बरोबरच आहे. पण मेंटेनन्स आणि इन्स्ट्रुमेंटेशनच्या माणसाने या प्रकरणात सर्वांत आधी काय वाचावं असं कुणी विचारलं, तर मी दुसरीकडे बोट दाखवीन: विहिरीचं तोंड बंद करणाऱ्या यंत्राच्या, समुद्रतळावरच्या दोन कंट्रोल पॉडमधल्या (नियंत्रण-पेट्यांमधल्या) सहा बॅटऱ्या आणि एका सोलेनॉइड व्हॉल्व्हची, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या छोट्या झडपेची, उलटी जोडलेली कॉइल.

खाली काय होतं

लुइझियानाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६६ किलोमीटरवर, मिसिसिपी कॅनियन ब्लॉक २५२ मध्ये, जवळपास १,५०० मीटर खोल पाण्यात ही विहीर होती. विहीर बीपीची, रिग ट्रान्सओशन या ड्रिलिंग कंपनीची. रिग २००१ साली दक्षिण कोरियात ह्युंदाईच्या गोदीत बांधलेली. ती नांगरावर उभी राहणारी नव्हती. उपग्रहावरून जागा ओळखून, स्वतःच्या थ्रस्टरच्या जोरावर एका ठिकाणी टिकून राहणारी होती. अशी रिग जागा सोडून वाहवली तर विहिरीपासून तुटून वेगळी होणार, हे गृहीत धरूनच तिची सुरक्षा आखावी लागते.

विहिरीच्या तोंडावर कॅमरॉन कंपनीचा ब्लोआउट प्रिव्हेंटर होता. तेलक्षेत्रात त्याला सगळे बीओपीच म्हणतात. उंची सुमारे १७ मीटर, आतला बोअर, म्हणजे मधलं भोक, पावणेएकोणीस इंचाचा. त्यात एकावर एक बसवलेले व्हॉल्व्ह. वरचे दोन ॲन्युलर रबराच्या कड्यासारखे पाइपभोवती आवळतात. खालचे पाइप रॅम पाइपभोवती बंद होतात. आणि ब्लाइंड शिअर रॅम पाइप कापून विहिरीचं तोंड पूर्ण बंद करतो. या बीओपीवर कापून सीलही करणारा रॅम एकच होता. केसिंग शिअर रॅम होता, पण तो फक्त कापतो, बंद करत नाही. म्हणजे शेवटचा भरवसा एकाच रॅमवर होता, आणि त्याला हुकूम देणाऱ्या यंत्रणा मात्र दुहेरी होत्या. या विसंगतीकडे तेव्हा फारसं कुणी पाहिलं नाही.

हुकूम देणारे ते दोन पॉड म्हणजे एक निळा आणि एक पिवळा. दोन्ही हुबेहूब सारखे. रिगवरून प्रत्येक पॉडला एक वेगळी केबल जाते, तिच्यातून वीज आणि संदेश दोन्ही उतरतात. रॅम हलवण्याची ताकद हायड्रॉलिक असते. पॉडमधला सोलेनॉइड उघडला की दाबाखालचं द्रव पुढचा मोठा व्हॉल्व्ह ढकलतं आणि रॅम बंद होतो. म्हणजे पाइप कापायला लागणारा प्रचंड जोर अखेर एका छोट्या विद्युत झडपेवर अवलंबून असतो. ती झडप उघडायला थोडीशीच वीज लागते, पण ती वीज त्या क्षणी तिथे असावी लागते.

डेडमॅन

वरून वीज, संदेश आणि हायड्रॉलिक दाब हे तिन्ही दोन्ही पॉडना एकदम मिळेनासे झाले, तर रिगचं काहीतरी भयंकर झालं असं समजून बीओपीने आपणहून शिअर रॅम बंद करायचा. या यंत्रणेचं अधिकृत नाव ऑटोमॅटिक मोड फंक्शन. रिगवरची माणसं तिला डेडमॅन म्हणतात. अशा वेळी वरून काहीच येत नसल्यामुळे खालीच साठवलेली ताकद लागते. हायड्रॉलिक दाबासाठी बीओपीवरचे ॲक्युम्युलेटर, आणि विजेसाठी बॅटऱ्या.

प्रत्येक पॉडमध्ये तीन बॅटऱ्या होत्या. एक २७ व्होल्टची, सोलेनॉइड चालवायला. आणि ९ व्होल्टच्या दोन, पॉडच्या आतल्या दोन स्वतंत्र कंट्रोल संगणकांना. या संगणकांना आपण ए आणि बी म्हणू. प्रत्येक सोलेनॉइडमध्येही दोन कॉइल होत्या, एक ए चालवणार, दुसरी बी. दोन्ही कॉइल एकाच प्लंजरवर, म्हणजे झडप उघडणाऱ्या सरकत्या दांड्यावर, गुंडाळलेल्या. एक संगणक मेला तरी दुसरा व्हॉल्व्ह उघडेल, हा हिशेब. दोन पॉड, प्रत्येकात दोन संगणक, दोन कॉइल. कागदावर पाहिलं तर एवढ्या पदरांनंतर काही चुकेल असं वाटत नाही.

बॅटऱ्या चार्ज होणाऱ्या नव्हत्या. पॉडच्या सीलबंद डब्यात बसवायच्या, समुद्रतळाला पाठवायच्या आणि वेळ झाली की पॉड वर काढून बदलायच्या. वर्षभराच्या वापरानंतर बदलाव्यात अशी निर्मात्याची शिफारस होती. रिगवर बसून त्यांचा चार्ज पाहायची सोय नव्हती. वर पॅनेलवर शंभर गोष्टींचे आकडे दिसत होते, पण शेवटच्या क्षणी ज्यावर सगळं टिकणार त्या बॅटरीचा आकडा त्यात नव्हता. हा दोष मला उलट्या कॉइलपेक्षाही मोठा वाटतो. कॉइल चुकून उलटी जोडली जाते. बॅटरी न दिसण्याची मात्र कुणीतरी ड्रॉइंगवर सही करून मांडणी केलेली असते.

त्या रात्री

विहिरीत वायू कसा शिरला ते इथे थोडक्यात. तळाच्या सिमेंटने साथ दिली नाही, निगेटिव्ह प्रेशर टेस्टचे (विहिरीतला दाब मुद्दाम कमी करून ती गळते का पाहण्याच्या चाचणीचे) आकडे धोक्याचे असूनही समाधानकारक मानले गेले, आणि मड, म्हणजे विहीर दाबून धरणारा जड द्रव, काढून समुद्राचं पाणी भरताना विहीर वाहायला लागली हे उशिरा कळलं. क्रूने ॲन्युलर आणि पाइप रॅम बंद केले, पण तोवर वायू बीओपीच्या वर रायझरमध्ये, म्हणजे विहीर आणि रिग जोडणाऱ्या नळात, पोचला होता. ९ वाजून ४९ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. किनाऱ्याकडे जाणारी रिगवरची माहितीही तिथेच तुटली.

स्फोटानंतर काही मिनिटांनी ब्रिजवरच्या सबसी (समुद्रतळावरच्या यंत्रणेच्या) सुपरवायझरने इमर्जन्सी डिस्कनेक्टचं, म्हणजे रिग विहिरीपासून तोडण्याचं, बटण दाबलं. पॅनेलवरचे दिवे बदलले, पण हायड्रॉलिक प्रवाह काही दिसला नाही. केबल जळाल्या होत्या, दाबही गेला होता. इथे डेडमॅनची तिन्ही कारणं पुरी होतात, आणि प्रश्न येतो तो फक्त त्या सहा बॅटऱ्यांचा.

पॉड वर आल्यावर

पिवळा पॉड मे महिन्यात वर काढला गेला. तपासताना सोलेनॉइड क्रमांक १०३ नीट चालेना. हा सोलेनॉइड उच्च दाबाने ब्लाइंड शिअर रॅम बंद करणारा, म्हणजे नेमका तोच. तेव्हा विहीर अजून वाहत होती आणि बीओपी कसंही करून बंद करायचा प्रयत्न चालू होता, म्हणून तो बदलून पॉड परत खाली पाठवला. परिस्थितीत हे साहजिकच होतं, पण पुढच्या तपासाला त्यामुळे पुरावा जसाच्या तसा मिळाला नाही. निळा पॉड जुलैत वर आला. पूर्ण बीओपी सप्टेंबरमध्ये निघाला आणि न्यू ऑर्लीन्समधल्या नासाच्या मिशूद कारखान्यात ठेवून नॉर्वेच्या डीएनव्ही संस्थेने तो उघडून पाहिला. मार्च २०११ मध्ये त्यांचा अहवाल आला. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने यावर पुढे काम करून जून २०१४ मध्ये आपले निष्कर्ष मांडले.

बोर्डाचं चित्र असं. निळ्या पॉडमध्ये वायरिंगची एक चूक होती, तिच्यामुळे २७ व्होल्टची बॅटरी उतरली आणि आणीबाणीत तो पॉड कामाचा उरला नाही. पिवळ्या पॉडमध्ये सोलेनॉइड १०३ च्या दोन कॉइलपैकी एकीची पोलॅरिटी उलटी होती. दोन्ही कॉइलना एकदम वीज मिळाली की त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडून काढतात आणि प्लंजर जागचा हलत नाही. म्हणजे पिवळ्या पॉडमध्ये सगळं 'ठीक' असतं तर व्हॉल्व्ह उघडलाच नसता. पण तिथली ९ व्होल्टची एक बॅटरीही उतरली होती. त्यामुळे एकच संगणक जागा झाला, एकाच कॉइलला वीज गेली, आणि व्हॉल्व्ह उघडला. एका दोषाने दुसरा दोष झाकला. शिअर रॅम त्या रात्रीच बंद झाला, असं बोर्डाचं म्हणणं.

तरीही विहीर बंद झाली नाही. ड्रिल पाइप बीओपीच्या आत वाकून एका बाजूला गेला होता. रॅमची पाती संपूर्ण बोअरभर पोचत नव्हती, त्यामुळे पाइप पुरता कापला न जाता पात्यांच्या बाजूला अडकला. डीएनव्ही आणि बोर्ड यांच्यात पाइप वाकण्याच्या कारणाबद्दल मतभेद आहेत. डीएनव्हीच्या मते खालून आलेल्या प्रवाहाच्या जोराने पाइप वर ढकलला गेला. बोर्डाच्या मते पाइपच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबातल्या फरकाने तो आधीच वाकला होता. बोर्डाच्या सिद्धांताचा अर्थ बराच धाक बसवणारा आहे, कारण असं वाकणं विहीर वरून बंद दिसत असतानाही होऊ शकतं.

रॅम कधी बंद झाला यावरही एकमत नाही. २२ एप्रिलच्या सकाळी दूरनियंत्रित पाणबुडी यंत्राने, म्हणजे आरओव्हीने, बीओपीवरच्या ऑटोशिअरची, म्हणजे रिग विहिरीपासून सुटली की रॅम आपोआप बंद करणाऱ्या यंत्रणेची, पिन कापली. ती कापली की डेडमॅनशिवायच शिअर रॅम बंद व्हायला हवा. डीएनव्हीला हाच क्षण जास्त शक्य वाटला. न्यू ऑर्लीन्सच्या न्यायालयातले न्यायाधीश कार्ल बार्बियर यांनी सप्टेंबर २०१४ च्या निकालपत्रात निळ्या पॉडची बॅटरी आणि पिवळ्या पॉडची उलटी वायरिंग, दोन्हींना डेडमॅनच्या अपयशाचं कारण मानलं आणि देखभालीतल्या कुचराईचा ठपका ट्रान्सओशनवर ठेवला. जबाबदारीची वाटणी अशी झाली: बीपी ६७ टक्के, ट्रान्सओशन ३० टक्के, सिमेंटचं काम केलेली हॅलिबर्टन कंपनी ३ टक्के.

आता कुणी म्हणेल, पाइप वाकलेलाच होता, रॅमची पाती आखूड होती, मग बॅटरीवर एवढं लिहायचं कशाला? हा युक्तिवाद मी ऐकला आहे आणि मला तो पटत नाही. पाइप कधी आणि किती वाकेल हे कुणाच्या हातात नव्हतं. बॅटरी वेळेवर बदलणं आणि दोन कॉइल एकत्र चालवून पाहणं हातात होतं.

एवढी चूक चाचण्यांत कशी लपली

या प्रकरणातलं सर्वांत शिकण्यासारखं पान हेच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

पॉड डेकवर असताना हाताळता येणाऱ्या टेस्ट युनिटने सोलेनॉइड तपासले जातात. ए ची कॉइल चालवली, व्हॉल्व्ह उघडला, बरोबरची खूण. बी ची चालवली, व्हॉल्व्ह उघडला, बरोबरची खूण. उलट्या पोलॅरिटीची कॉइल एकटी असली की प्लंजर व्यवस्थित ओढते. लोखंडाला चुंबकाचा ध्रुव कुठला आहे याचं देणंघेणं नसतं. चूक दिसते ती फक्त दोन्ही एकदम चालू असताना. म्हणजे सुटे भाग एकेक करून तपासले तर यादी हिरवी, आणि खऱ्या आणीबाणीत जी स्थिती येणार तीच कधी तपासली नाही.

डेडमॅनची संपूर्ण चाचणी समुद्रतळावर करायची तर मुद्दाम वीज, संदेश आणि दाब तिन्ही तोडायचे. कुणाला हवं असतं ते? ऐन कामात शिअर रॅम सुटला तर दिवस वाया जातात. २०१० साली अमेरिकेच्या नियमांत डेडमॅन यंत्रणा असावी अशीच सक्ती नव्हती, मग समुद्रतळावर ती तपासायची सक्ती कुठून असणार?

बॅटरीची तपासणी हा आणखी निसरडा विषय. लिथियमच्या प्राथमिक, म्हणजे पुन्हा चार्ज न होणाऱ्या, सेलचा व्होल्टेज आयुष्यभर जवळपास सपाट राहतो आणि शेवटी एकदम पडतो. म्हणून नुसता मल्टिमीटर लावून घेतलेला ओपन सर्किट आकडा 'अजून किती उरलं' हे सांगतच नाही. भार टाकून, म्हणजे सोलेनॉइड ओढेल तेवढा प्रवाह काढून, व्होल्टेज किती खाली जातो ते पाहावं लागतं. विहिरीच्या आत चालणाऱ्या मोजमाप उपकरणांत थायोनिल क्लोराइडच्या सेल वापरतात, त्यांची वेगळीच खोड: बराच काळ पडून राहिल्या की आत एक पातळ थर चढतो आणि भार पडल्यावर पहिल्या क्षणी व्होल्टेज खाली झुकतो, मग सावरतो. शिवाय तापमान. दीड किलोमीटर खालचं समुद्राचं पाणी चारेक अंश सेल्सिअसचं असतं आणि डेकवर ऊन असतं. गरम डेकवर चांगली वाटणारी बॅटरी थंडीत भाराखाली मान टाकू शकते. मे, जुलै आणि पुढे मिशूदमध्ये घेतलेल्या आकड्यांवरून २० एप्रिलच्या रात्री बॅटऱ्यांत नेमकं किती होतं हे ठरवताना तज्ज्ञांमध्ये एवढे वाद झाले, त्याचं एक मूळ इथे आहे.

आणि मग बदली. अमेरिकेच्या नियमांनी स्वीकारलेल्या एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) शिफारशीप्रमाणे बीओपी दर तीन ते पाच वर्षांनी पूर्ण सुटा करून तपासायला हवा होता. ट्रान्सओशनने 'स्थिती पाहून देखभाल' हा मार्ग घेतला होता: चालतंय तोवर उघडायचं नाही. फिरणाऱ्या पंपासाठी, टर्बाइनसाठी ही पद्धत चांगली आहे, कारण पंप बिघडायच्या आधी थरथरतो, तापतो, आवाज करतो. पॉडमधली बॅटरी काहीही आवाज करत नाही. वर्षानुवर्षं निमूट बसणाऱ्या वस्तूची 'स्थिती पाहायची' तर आधी ती दिसण्याची सोय हवी, आणि ती तर नव्हतीच. सप्टेंबर २००९ मध्ये बीपीने या रिगची तपासणी केली तेव्हा मुदत उलटलेली देखभालीची ३९० कामं सापडली होती. रिगचं भाडं दिवसाला सुमारे ५ लाख डॉलर. मॅकोंडो विहीर बजेटच्या बाहेर आणि वेळापत्रकाच्या मागे. अशा वेळी १,५०० मीटर खालचा पॉड बॅटरीसाठी वर काढा, असं मीटिंगमध्ये म्हणायला जरा धीटच माणूस लागतो.

नंतर काय बदललं

ऑक्टोबर २०१० मध्येच अमेरिकेने तातडीचे नवे नियम आणले. स्वतःच्या थ्रस्टरवर टिकणाऱ्या रिगवर डेडमॅन आणि ऑटोशिअर दोन्ही सक्तीचे झाले आणि बीओपी समुद्रतळावर बसवल्यावर सुरुवातीलाच डेडमॅनची चाचणी घ्यायची अट आली. नोव्हेंबर २०१२ मध्ये एपीआयने आपली शिफारस बाजूला ठेवून स्टँडर्ड ५३ हे मानक आणलं. एप्रिल २०१६ च्या वेल कंट्रोल नियमाने दोन शिअर रॅम, पाइप मध्यभागी आणणारी यंत्रणा, पाच वर्षांत प्रत्येक भागाची उघडून तपासणी आणि किनाऱ्यावरून सतत लक्ष ठेवण्याची व्यवस्था मागितली. २०१९ मध्ये यातल्या काही अटी सैल झाल्या, २०२३ मध्ये काही पुन्हा आवळल्या. सरकार बदललं की हे व्हायचंच.

आपल्याकडे याचा संबंध कुठे येतो, हेही सांगायला हवं. मुंबई हायमध्ये पाणी ७५ मीटरच्या आसपास. तिथल्या जॅकअप रिगवर, म्हणजे समुद्रतळावर पाय रोवून उभ्या राहणाऱ्या रिगवर, बीओपी डेकखाली, पाण्याच्या वर असतो. कूमी युनिटच्या (बीओपीला हायड्रॉलिक दाब पुरवणाऱ्या यंत्राच्या) अखत्यारीत, पाना घेऊन जाता येईल अशा ठिकाणी. तिथे बॅटरीवर चालणारा डेडमॅन लागतच नाही. त्यामुळे मुंबईच्या बाजूला घडलेल्या ड्रिलिंगच्या पिढीला ही बॅटरीची गोष्ट लांबची वाटली तर नवल नाही. पण कृष्णा-गोदावरी खोऱ्यातलं खोल पाण्यातलं ड्रिलिंग त्याच प्रकारच्या रिगनी, त्याच प्रकारच्या पॉडनी होतं, आणि त्यावर काम करणाऱ्यांत मराठी मुलं पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी सोलेनॉइड १०३ ही इतिहासातली गोष्ट नाही.

अशा पॉडवर काम करणाऱ्याने डेकवर घ्यायची चाचणी माझ्या मते फार अवघड नाही, फक्त तिला वेळ द्यावा लागतो. टेस्ट युनिटची वीज काढून टाकायची. पॉड निव्वळ त्याच्या स्वतःच्या बॅटऱ्यांवर ठेवायचा, तिन्ही सिग्नल तोडायचे आणि शिअर रॅमचा सोलेनॉइड उघडतो का ते पाहायचं. सोलेनॉइड ओढत असतानाचा २७ व्होल्टच्या बॅटरीचा आकडा लिहून ठेवायचा. आधी दोन्ही ९ व्होल्टच्या बॅटऱ्या जागेवर असताना. मग एक काढून. मग ती लावून दुसरी काढून. मॅकोंडोचा पिवळा पॉड, बॅटऱ्या ताज्या असत्या तर, यात पहिल्याच फेरीत नापास झाला असता, आणि नंतरच्या दोन्ही फेऱ्यांत पास.